अडतं तिथून व्हिडिओ सुरू व्हावा

मराठवाड्यातल्या बऱ्याच अभियांत्रिकी महाविद्यालयांत गेल्या काही वर्षांत एका नव्या खोलीची भर पडली आहे. मागे हिरवा पडदा, दोन-तीन दिवे, एक बरा कॅमेरा, भिंतीला फोम. खोलीचं उद्घाटन होतं. मग सेमिस्टरच्या मध्यावर प्राध्यापकांना एकेक करून बोलावतात, पीपीटी लावून पन्नास मिनिटांचं लेक्चर रेकॉर्ड होतं आणि यूट्यूबवर चढतं. पोरं ते उघडतात, दोन मिनिटं बघतात आणि हिंदीतून शिकवणाऱ्या एखाद्या चॅनेलकडे वळतात. स्टाफरूममध्ये त्यावर ठरलेलं निदान होतं, की आपले व्हिडिओ आकर्षक नाहीत. मग ॲनिमेशन करणाऱ्याकडून कोटेशन मागवलं जातं.

हे निदान मला मान्य नाही. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी दिव्यांना आणि संगीताला भुलून व्हिडिओपाशी थांबत नाही. त्याचं जिथे अडलंय त्या नेमक्या जागेवर कुणी बोट ठेवलं की तो थांबतो, मागे नेऊन पुन्हा बघतो, वही उघडतो. ती जागा कोणती हे रोज वर्गात उभ्या राहणाऱ्या आणि दर सेमिस्टरला पेपर तपासणाऱ्या शिक्षकाला पक्कं ठाऊक असतं. म्हणून महाविद्यालयांनी, विद्यापीठानं आणि सरकारनं स्टुडिओवरचा खर्च आवरून तो पैसा या शिक्षकाच्या वेळेवर घालावा, असं मी आग्रहानं म्हणतो.

यावर पहिला प्रश्न येतो तो रास्त आहे. सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ साली एनपीटीईएल हा ऑनलाइन व्याख्यानांचा उपक्रम सुरू केला. २०१७ पासून केंद्र सरकारचं ‘स्वयम’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ आहे. थर्मोडायनॅमिक्स घ्या, सिग्नल्स घ्या, काँक्रीट घ्या. देशातल्या नामवंत प्राध्यापकांची व्याख्यानं घरबसल्या फुकट मिळतात. मग परभणीच्या किंवा धाराशिवच्या शिक्षकानं तेच पुन्हा कशाला रेकॉर्ड करायचं? माझं उत्तर आहे, ते करूच नये. अख्खा विषय पहिल्यापासून शेवटपर्यंत शिकवणारी व्याख्यानं तयार आहेत आणि चांगली आहेत. आपलं काम त्यांच्या अलीकडचं आहे.

जिंतूर, भूम, औसा, कळमनुरी, कुठल्याही तालुक्यातून आलेला मुलगा घ्या. दहावीपर्यंत मराठी माध्यम. मग लातूरला किंवा नांदेडला खोली करून दोन वर्षं क्लास, सीईटीचा सराव. पहिल्या वर्षाला येतो तेव्हा गणित त्याला येतं, पण इंग्रजीत ऐकता ऐकता विचार करायची सवय नसते. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्याची तऱ्हा वेगळी. त्याचा हात चांगला असतो, ड्रॉइंग नीट असतं, वर्कशॉपमध्ये तो इतरांना शिकवतो. पण एम-थ्रीमध्ये, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, लाप्लास ट्रान्सफॉर्म आला की त्याचा धीर सुटतो. आयआयटीतला प्राध्यापक ज्या विद्यार्थ्याला डोळ्यांपुढे ठेवून बोलतो, तो हा विद्यार्थी नव्हे. तासाभराच्या व्याख्यानात मधेच कुठेतरी एक पायरी गाळलेली असते, कारण सांगणाऱ्याला ती उघड वाटते. आपला विद्यार्थी तिथेच अडतो. पुढचा सगळा वेळ तो ऐकत असतो, पण त्याच्या पदरात काही पडत नाही. शेवटी वर्गात येऊन तो म्हणतो, “सर, इथपर्यंत कळलं, पुढं हे कुठून आलं तेच कळंना.” आपला व्हिडिओ त्या ‘इथपर्यंत’च्या पुढच्या पायरीवर हवा.

एक उदाहरण तपशिलात घेतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यात आहे. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समधला शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटचा धडा, म्हणजे लोडमुळे बीमच्या आत कापू पाहणारा आणि वाकवू पाहणारा जोर किती ते काढायचा. दोन्ही टोकांना नुसता टेकवलेला ६ मीटरचा बीम, त्यावर सगळीकडे सारखा १० किलोन्यूटन प्रति मीटर लोड. रिॲक्शन, म्हणजे टेकूंनी वर दिलेला जोर, काढताना हा पसरलेला लोड मध्यावर एकवटून ६० किलोन्यूटन धरायचा, हे विद्यार्थ्याला शिकवलेलं असतं. तो तसं धरतो, दोन्हीकडे ३० किलोन्यूटन येतात आणि ते बरोबर असतात. मग तो तोच एकवटलेला लोड पुढच्या आकृतीतही घेऊन जातो. शिअर फोर्सची रेघ +३० पासून −३० पर्यंत तिरपी उतरायला हवी. त्याची रेघ आडवी चालत येते आणि मध्यावर सरळ खाली कोसळते. बेंडिंग मोमेंटला पॅराबोला यायला हवा, त्याचा त्रिकोण येतो. मध्यावरचा मोमेंट ४५ किलोन्यूटन-मीटर यायला हवा, त्याला ९० मिळतो. बरोबर दुप्पट. आणि रिॲक्शन जुळल्यामुळे आपलं काही चुकलंय अशी शंकाही त्याला येत नाही.

ही चूक दर वर्षीच्या गठ्ठ्यांत दिसते. पाठ्यपुस्तकात ती कुठेच छापलेली नसते, कारण पुस्तक बरोबर उत्तर छापतं. स्टुडिओतल्या पन्नास मिनिटांच्या लेक्चरमध्येही ती नसते, कारण तिथे शिक्षक ‘लोड इज युनिफॉर्मली डिस्ट्रिब्यूटेड’ म्हणून स्लाइड पुढे सरकवतो.

आता याच चुकीवर व्हिडिओ करायचा. पडद्यावर पहिल्या क्षणी ती चुकीची आकृतीच दिसावी, पेननं काढलेली, खऱ्या उत्तरपत्रिकेत असते तशी. शिक्षकाचा आवाज: “यात रिॲक्शन बरोबर आहेत. तरी पुढचे सगळे मार्क गेले. व्हिडिओ थांबवा, चूक शोधा, वहीत लिहा.” मग मीटरभर लांबीची पातळ स्टीलची पट्टी दोन विटांवर टेकवायची. मागे आलेखाचा कागद. रिकामी पट्टी किती वाकते ते आधी टिपून ठेवायचं. एकाच मापाचे नट पट्टीवर समान अंतरानं मांडून बाक मोजायचा. मग तेच नट उचलून मध्यावर एका ढिगात ठेवायचे. वजन तेवढंच, दोन्ही विटांवर येणारा भार तेवढाच, पण पट्टी डोळ्यांना दिसेल इतकी जास्त वाकते. सूत्रानं पाहिलं तर साधारण १.६ पट. हे पाहिल्यावर पसरलेला लोड आणि एकवटलेला लोड रिॲक्शनपुरते सारखे असले तरी बीमच्या पोटात सारखे नसतात, हे वेगळं सांगावं लागत नाही. त्यानंतर कागदावर काढलेला बीम कात्रीनं कापायचा, उजवा तुकडा बाजूला सारायचा आणि विचारायचं, “डाव्या तुकड्यावर आता किती लोड उरला?” उरला तेवढाच एकवटायचा. आधी कापा, मग एकवटा. हे सगळं सात-आठ मिनिटांत होतं, आणि लागतं काय तर पट्टी, नट, कात्री, कागद आणि मोबाइल.

अशा व्हिडिओवर ‘सर, खूप छान समजलं’ अशा प्रतिक्रिया कदाचित कमी येतील, पण त्यानं घाबरून जाऊ नये. डेरेक मुलर या संशोधकानं सिडनी विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या व्हिडिओंवर पीएच.डी. केली, २००८ साली. काही विद्यार्थ्यांना त्यानं न्यूटनच्या नियमांचं स्वच्छ, सरळ, नेटकं विवेचन दाखवलं. काहींना एक संवाद दाखवला, ज्यात एकजण नेहमीच्या चुकीच्या समजुती बोलून दाखवतो आणि त्या एकेक करून उलगडत जातात. स्वच्छ विवेचन पाहिलेल्यांना व्हिडिओ सोपा वाटला, आवडला, आणि चाचणीतले गुण जेमतेम सरकले. संवाद पाहिलेले म्हणाले की गोंधळायला झालं. त्यांचे गुण मात्र ठळकपणे वाढले. सोप्या विवेचनात माणूस ओळखीचं तेवढं ऐकतो आणि आपली जुनी समजूत त्यावर घट्ट करून घेतो, असा त्याचा अर्थ आहे. अभियांत्रिकीचे व्हिडिओ करणाऱ्या प्रत्येकानं हा निष्कर्ष टेबलासमोर चिकटवून ठेवावा.

मराठवाड्यात तर अशा समजुतींची खाण आहे, आणि त्या शिकवायला फार उपयोगी आहेत. शेतकऱ्याच्या घरातल्या कुठल्याही मुलाला विचारा, विहिरीवरची मोटार कशानं जळते? तो लगेच सांगेल, लाइट डिम असली की जळते. हाच मुलगा बेसिक इलेक्ट्रिकलच्या वर्गात ओहमचा नियम शिकतो: व्होल्टेज कमी तर करंट कमी. करंट कमी, तर तापणं कमी. मग मोटार जळते कशी? घरचा अनुभव एक सांगतो आणि वही दुसरं सांगते, आणि परीक्षेत मार्क वहीला असतात म्हणून तो अनुभव गप्प बसवतो. व्हिडिओनं नेमकं हे भांडण उघड्यावर आणावं. विहिरीतून पाणी तेवढंच ओढायचं आहे, म्हणजे मोटारीवरचा भार जवळजवळ तेवढाच. इंडक्शन मोटारीचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. तोच भार पेलण्यासाठी मोटार किंचित मागे पडते, स्लिप वाढते आणि ती जास्त करंट ओढते. तांब्याच्या तारेत निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, वाइंडिंगचं इन्सुलेशन भाजतं आणि मोटार रिवायंडिंगला जाते. रिवायंडिंगच्या दुकानात जाऊन जळालेली कॉइल हातात धरून हे सांगावं. सुटलेला काळा वार्निशचा थर जवळून दाखवावा. ज्याच्या बापानं ऐन रब्बीत मोटार जळाल्यावर उसनवारी केलेली आहे, तो विद्यार्थी हा व्हिडिओ अर्धवट सोडणार नाही.

किल्लारीचंही असंच, फक्त ते अधिक जपून हाताळायला हवं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली ती बहुतेक आपापल्या घराखाली दबून. घरं दगड-मातीची, भिंती जाडजूड, वर माळवद. गळू नये म्हणून माळवदावर माती चढत गेलेली. ‘भिंत जाड तर घर मजबूत’ ही समजूत तेव्हा होती, आणि आज सिव्हिलच्या वर्गात विचारलं तरी बरेच हात वर होतात. भूकंपात जमीन सरकते आणि घर आपल्या जागी राहू पाहतं; जितकं वस्तुमान जास्त तितका आडवा जोर जास्त. चिखलात रचलेल्या दगडांना तो जोर सोसत नाही. भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर लांब दगडांनी एकमेकांत बांधलेला नसेल तर दोन्ही फुगून सुटे होतात आणि वरचं सगळं वजन खाली येतं. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हे सूत्र मराठवाड्याइतक्या मोठ्या किमतीला फार थोड्या ठिकाणी शिकवलं गेलं असेल. हा व्हिडिओ आपणच करायला हवा. पडझडीची दृश्यं लावून कुणाचं लक्ष वेधायचा प्रयत्न मात्र करू नये, आणि ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांना विचारल्याशिवाय त्यांची गोष्ट सांगू नये.

व्हिडिओ किती मोठा असावा यावर आपल्याकडे फार सहज बोललं जातं. सहा मिनिटं, असं कुणीतरी कार्यशाळेत सांगतं आणि सगळे लिहून घेतात. हा आकडा २०१४ च्या एका अभ्यासातून आला. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावरच्या ४ अभ्यासक्रमांतली व्हिडिओ बघण्याची सुमारे ६९ लाख सत्रं फिलिप गुओ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तपासली. व्हिडिओ कितीही लांब असला तरी तो बघण्याचा मध्यक काळ सहा मिनिटांपलीकडे गेला नाही, असं त्यांना आढळलं. पण त्याच अभ्यासात आणखी बरंच आहे, आणि ते कार्यशाळेत कुणी सांगत नाही. वर्गातली लेक्चरं चिरून तुकडे केलेल्या व्हिडिओंपेक्षा मुद्दाम व्हिडिओसाठी आखलेले धडे जास्त पाहिले गेले. स्लाइडपेक्षा हातानं लिहीत लिहीत समजावलेलं जास्त धरून ठेवतं. महागड्या स्टुडिओपेक्षा शिक्षक आपल्या टेबलाशी बसून बोलतो ते प्रेक्षकाला जवळचं वाटतं. आणि लेक्चर लोक एका दमात बघतात, पण गणित सोडवून दाखवणारा व्हिडिओ पुढे-मागे करत, पुन्हा पुन्हा बघतात. त्या शेवटच्या निरीक्षणाचा अर्थ सरळ आहे: न्यूमेरिकलच्या व्हिडिओत कुठली पायरी किती मिनिटाला आहे ते खाली लिहून ठेवा, विद्यार्थ्याला शोधत बसायला लावू नका.

सहा मिनिटांच्या हट्टापायी डेरिव्हेशनचा चुरा करणं मला पटत नाही. द्रवाच्या प्रवाहाची नेव्हिअर-स्टोक्स समीकरणं रीलमध्ये मावत नाहीत आणि मावू नयेत. अभियंत्याला लांब विचार एका धाग्यात धरून ठेवता यायला हवा, आणि ती सवय लावणं हेही शिक्षकाचंच काम आहे. मोठं डेरिव्हेशन असेल तर ते सांध्यावर तोडावं, जिथे एक गृहीतक संपतं आणि दुसरं सुरू होतं तिथे. प्रत्येक सांध्यावर एक प्रश्न विचारून विद्यार्थ्याला वहीत काहीतरी लिहायला लावावं. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ साली संख्याशास्त्राचं एक रेकॉर्ड केलेलं व्याख्यान चार भागांत दाखवून हेच तपासलं होतं. प्रत्येक भागानंतर छोटी चाचणी दिली, तर विद्यार्थ्यांचं लक्ष कमी भटकलं आणि त्यांनी टिपणंही जास्त काढली. थांबून लिहायला लावणारा अर्ध्या तासाचा व्हिडिओ नुसत्या बघायच्या पाच मिनिटांच्या व्हिडिओपेक्षा मला केव्हाही चालेल.

भाषेबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. वर्गात दार लोटलं की आपण कसं शिकवतो? “हा सेक्शन इथं कट केला. आता डावीकडं बघा, किती लोड उरला?” सगळ्या संज्ञा इंग्रजी, त्यांना जोडणारा विचार मराठी. कॅमेरा सुरू झाला की हाच शिक्षक ताठ होतो आणि पाठ केलेल्या इंग्रजीत बोलू लागतो. आवाजातला चढउतार जातो, प्रश्न विचारणं जातं, उदाहरणं जातात. प्राचार्यांना वाटतं की इंग्रजी व्हिडिओमुळे महाविद्यालयाचं नाव होईल. इंग्रजी व्हिडिओंचा जगात तुटवडा नाही. बीड जिल्ह्यातल्या मुलाला त्याच्या बोलीच्या जवळ जाऊन बेंडिंग मोमेंट समजावणारा व्हिडिओ मात्र शोधून सापडत नाही, म्हणून तो हिंदीकडे जातो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानं हा मार्ग कधीच चालून दाखवला आहे. पडद्यावर सॉफ्टवेअर इंग्रजीतलंच, आवाज मराठीत किंवा दुसऱ्या भारतीय भाषेत, लांबी साधारण दहा मिनिटं, आणि रेकॉर्डिंगच्या आधी लिहिलेली संहिता विषय न येणाऱ्या नवख्या माणसाकडून तपासून घ्यायची.

मुलाखतीत इंग्रजी लागतं, मराठीत शिकवून पोरांचं नुकसान करू नका, असं पालकही म्हणतात. त्यांची काळजी खरी आहे. पुण्यातल्या कंपनीत मुलाखतीला गेलेल्या मुलाला उत्तर येत असूनही तोंड उघडता येत नाही, हे मी पाहिलेलं आहे आणि ते बघवत नाही. पण ज्याला संकल्पनाच कळलेली नाही, तो इंग्रजीत काय बोलणार? यावर एक साधा उपाय आहे. व्हिडिओ मराठीत समजावून झाला की शेवटच्या अर्ध्या मिनिटात तेच उत्तर इंग्रजीत बोलून दाखवावं, ओरलला एक्स्टर्नलनं विचारलं तर जसं द्यावं लागेल तसं: चार सोपी वाक्यं, अचूक संज्ञा. विद्यार्थी ती वाक्यं पाठ करतील, करू द्यावीत. अर्थ कळल्यावर पाठ केलेलं वाक्य त्याचं स्वतःचं होतं.

चित्रीकरणाच्या तंत्राबद्दल थोडंच सांगतो. आपला विद्यार्थी व्हिडिओ मोबाइलवर बघतो, रोजच्या डेटाच्या मर्यादेत, बऱ्याचदा होस्टेलच्या गोंगाटात एका कानात इअरफोन घालून. चित्र किंचित अस्पष्ट असलं तर त्याला चालतं, आवाज फुटला तर तो लगेच बंद करतो. म्हणून कॅमेऱ्याआधी कॉलर माइक घ्यावा. एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली रेकॉर्डिंग करू नये. पहाटे करावं, तेव्हा पंखाही बंद ठेवता येतो आणि रस्ताही शांत असतो. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, तिथे भिंतीवर दोन गोधड्या टांगल्या की फोमचं काम भागतं. स्लाइडवरची बारीक अक्षरं पाच-सहा इंची पडद्यावर कुणालाच वाचता येत नाहीत. पांढऱ्या कागदावर जाड काळ्या पेननं लिहावं, मोबाइल वरून स्टँडला अडकवावा. शिक्षकाचा चेहरा सुरुवातीला आणि मधे एखाद-दोनदा दिसला तरी पुरतो.

पैसा खरंच खर्च करायचा तर तो बाहेर पडण्यावर करावा. जालन्यात सळईच्या रोलिंग मिल आहेत. शेवटच्या स्टँडमधून, म्हणजे रोलरांच्या जोडीतून, बाहेर पडलेली लालभडक सळई पाण्याच्या फवाऱ्यातून जाते आणि बाहेरून काळी पडते. कूलिंग बेडवर येताच आतली उष्णता बाहेर सरकते आणि ती पुन्हा लालसर दिसू लागते. टीएमटी सळईचं बाहेरचं कडक कडं आणि आतला लवचीक गाभा नेमका याच काही सेकंदांत घडतो. मेटलर्जीचं पुस्तक त्यावर दोन पानं लिहितं; व्हिडिओत ते एका शॉटमध्ये दिसतं. नंतर त्याच सळईचा तुकडा कापून, घासून, नायटल हे आम्लाचं द्रावण लावून कड्याची गडद वलयाकार पट्टी दाखवावी. मिलमध्ये बोलायचा प्रयत्न करू नये, तिथे शेजारच्या माणसाचंही ऐकू येत नाही. चित्र तिथे घ्यावं, आवाज नंतर घालावा. पैठणला जायकवाडीचे दरवाजे आहेत, संभाजीनगरात पाणचक्की आहे, जिथे डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून येऊन दगडी मनोऱ्यात वर चढतं. फ्लुइड मेकॅनिक्सच्या शिक्षकाला याहून चांगला सेट कुठला स्टुडिओ बांधून देणार?

हातानं करायच्या प्रॅक्टिकलची जागा मात्र व्हिडिओनं घेऊ नये. यंत्र बंद पडलंय म्हणून प्रयोगाचा व्हिडिओ दाखवून जर्नलवर सही करणं हे फसवणुकीच्या जवळ जाणारं आहे.

आता शिक्षकाच्या वेळेचा प्रश्न, आणि खरी अडचण तिथेच आहे. सात मिनिटांचा नीट व्हिडिओ म्हणजे चुका गोळा करणं, संहिता लिहिणं, साहित्य जमवणं, दोन विद्यार्थ्यांना दाखवून त्यांचं कुठे अडतं ते पाहणं आणि पुन्हा करणं. पन्नास मिनिटांचं लेक्चर एका बैठकीत रेकॉर्ड होतं, याला काही दिवस लागतात. हे दिवस कुणाच्या टाइमटेबलमध्ये आहेत? बऱ्याच खासगी महाविद्यालयांत शिकवणारी माणसं तात्पुरत्या नेमणुकीवर आहेत, कुणाचे पगार महिनोन् महिने थकतात, आणि त्यांच्याकडूनच ‘या सेमिस्टरला प्रत्येकी दहा व्हिडिओ’ मागितले जातात. असे दहा व्हिडिओ तयार होतात, पण त्यांतून शिकणं होत नाही. उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकषांतही विद्यापीठांना आणि स्वायत्त महाविद्यालयांना मीडिया सेंटर, लेक्चर कॅप्चरिंग सिस्टीम, एडिटिंगची सामग्री अशा सोयी आहेत का, हे विचारलं गेलेलं आहे. सोय विचारली की सोय उभी राहते. त्या सोयीतून एका तरी विद्यार्थ्याचं अडलेलं सुटलं का, हेही विचारायला हवं. चांगल्या तीन व्हिडिओंना एका थिअरी विषयाच्या अध्यापनाइतका कार्यभार धरावा, व्हिडिओवर करणाऱ्याचं नाव कायम राहावं, आणि तो नोकरी सोडून गेला तरी ते नाव काढू नये. याला फार मोठं बजेट लागत नाही, पण व्यवस्थापनाची इच्छा लागते, आणि ती मिळवण्यासाठी शिक्षकांनी बोललं पाहिजे.

व्ह्यूजवरून व्हिडिओचं मोल ठरवणंही थांबायला हवं. ज्या व्हिडिओमुळे साठ मुलांच्या वर्गातल्या वीस जणांची बीमची चूक पुढच्या पेपरात गेली, तो व्हिडिओ शंभर जणांनी पाहिला तरी पुष्कळ झाला. आणि ते मोजता येतं: व्हिडिओच्या आधी आणि नंतर एकच प्रश्न, फक्त आकडे बदलून.

सुरुवात करायला कुठल्या योजनेची वाट बघायची गरज नाही. मराठवाड्यातली बरीच अभियांत्रिकी महाविद्यालयं लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी जोडलेली आहेत, म्हणजे अभ्यासक्रम एक आणि चुकाही बहुतेक त्याच. संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी १९६० पासून, नांदेडचं श्री गुरू गोबिंद सिंघजी १९८१ पासून पोरं शिकवतंय. कुठला विद्यार्थी कुठे घसरतो याचं ज्ञान या विभागांत जुन्या शिक्षकांच्या डोक्यात साठलेलं आहे आणि ते निवृत्तीबरोबर निघून जातं. येत्या उन्हाळी परीक्षेच्या पेपर तपासणीत प्रत्येक परीक्षकानं जवळ एक वही ठेवावी आणि पुन्हा पुन्हा दिसणारी चूक तिच्यात उतरवावी, विद्यार्थ्याचं नाव किंवा नंबर न लिहिता. विषयवार याद्या एकत्र कराव्यात आणि महाविद्यालयांनी त्या आपसांत वाटून घ्याव्यात: एकानं बीम, दुसऱ्यानं लाप्लास, तिसऱ्यानं इंडक्शन मोटार, चौथ्यानं सी मधले पॉइंटर. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, एम-थ्री, बेसिक इलेक्ट्रिकल आणि प्रोग्रॅमिंग हे चार विषय आधी घ्यावेत. माझ्या पाहण्यात बॅकलॉग तिथेच साचतात, आणि शिक्षण सोडून गावाकडे परतणारी मुलंही याच विषयांत अडकलेली असतात.